लाइट नेतं कोण?

ताई,
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑगस्टमध्ये नायजेरियात, लागोसला आलो. मुलगी सात वर्षांची आहे. इलुपेजूत कंपनीने घर दिलंय. मोठं आहे, कंपाउंडमध्ये आणखी चार भारतीय कुटुंबं आहेत, तेव्हा तक्रारीला जागा नाही असं सगळे म्हणतात. पण लाइट! दिवसातून चार-पाचदा जाते आणि कधी येईल ते देव जाणे. कंपाउंडचा जनरेटर संध्याकाळी सहा ते सकाळी सहाच चालवतात, तोही लाइट नसेल तर. दिवसा काही नाही. लाइट नाही की पंप नाही, पंप नाही की पाणी नाही, आणि येतं ते पाणी पिवळट. इडलीचं पीठ दोनदा फेकलं. मागच्या रविवारी रात्री प्रीपेड मीटर संपला. शेजारी झगमगाट आणि आमच्याच घरी अंधार. नवरा म्हणतो, “सगळेच राहतात की.” आईला फोनवर सगळं छान आहे असं सांगते. परवा चटणीसाठी मिक्सर लावला, तेवढ्यात लाइट गेली, तर मी ओट्याखाली बसून रडले. चटणीसाठी! मी फार लाडावलेली आहे का? डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला आले की परत जाऊच नये असं वाटतं.
– एक वाचक, लागोस

चटणीसाठी कोणी रडत नाही गं. मी रडले होते ते वॉशिंग मशीनमध्ये अडकलेल्या कपड्यांसाठी. साबणाचं पाणी भरलेलं, दार उघडेना, आणि आत नवऱ्याचे पाच शर्ट दुसऱ्या दिवसापर्यंत मुरत पडले. २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षं मी लागोसातच काढली, तुझ्यापासून फार लांब नाही, इकेजात. तेव्हा तुझं पत्र वाचताना मला पिवळ्या पाण्याचा वाससुद्धा आला.

लाडावलेली आहेस का, तर नाही. माझं माहेर संगमनेरकडचं. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे बारा-बारा तास लाइट नसायची. कंदिलाच्या काचा पुसण्यात माझा हात कोणी धरत नसे. तरी लागोसात पहिल्या सहा महिन्यांत मी जेवढी थकले तेवढी माहेरी कधी थकले नव्हते. असं का, ते कळायला मला पुढचं वर्ष लागलं. आमच्याकडच्या भारनियमनाला वेळापत्रक होतं. पेपरात छापून यायचं, ते कापून आई भिंतीवर चिकटवायची. सकाळी अमुक ते अमुक नाही म्हटलं की त्याआधी दळण, त्याआधी पाणी, मग खुशाल बसा. लागोसात वेळापत्रक नाही. आठ तास लाइट नसणं माणूस सोसतो, पण ते आठ तास कुठले हे ठाऊक नसलं की दिवसभर कान तिकडेच लागलेला राहतो. पंख्याचा आवाज बदलला का, फ्रीज घुर्र झाला का, समोरच्या घरातला दिवा लागला का. म्हणजे तुझ्या घरात एक पहारेकरी आहे, तो बिनपगारी आहे आणि त्याला सुट्टी नाही. तू दमली आहेस ती त्या पहाऱ्याने.

म्हणून माझ्या सगळ्या सांगण्याचा रोख एवढाच राहील, की हा पहारा कमी कसा करायचा. लाइट वाढवणं तुझ्या हातात नाही. का नाही ते एकदा समजून घे, म्हणजे रोज नव्याने चिडायचं राहील. वीस कोटींहून जास्त लोकांच्या या देशात ग्रिडवरून, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यावरून, वाटायला साधारण चार-पाच हजार मेगावॉट मिळतात. एकट्या मुंबईची उन्हाळ्यातली मागणी चार हजारांच्या घरात जाते, यावरून बघ. नायजर नदीवरचं कैंजी धरण १९६८ सालचं आहे, पण आज बरीचशी वीज दक्षिणेतल्या गॅसवर चालणाऱ्या केंद्रांतून येते. गॅस कमी पडला, एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं, की उरलेल्यांवर भार येतो, ५० हर्ट्झची वारंवारता घसरते आणि एकामागून एक केंद्रं स्वतःला वाचवायला बाहेर पडतात. मग सगळा देशच अंधारात. २०२४ मध्ये असं कितीतरी वेळा झालं. तुझ्या घराच्या वायरिंगचा किंवा तुझ्या पत्रिकेचा त्यात काही दोष नाही.

आता एक गंमत सांगते. आपण म्हणतो “लाइट गेली”. पाहुण्यासारखी आली, पाहुण्यासारखी गेली, कोणाला काय विचारणार! लागोसात म्हणतात, “नेपा डॉन टेक लाइट.” नेपाने लाइट नेली. तिथे ती जात नाही, कोणीतरी उचलून नेतं. नेपा नावाचं ते सरकारी वीजमंडळ २००५ मध्येच नाव बदलून बसलं आणि २०१३ मध्ये वाटपाचं काम खासगी कंपन्यांकडे गेलं, पण शिव्या अजून नेपालाच पडतात आणि लाइट आली की गल्लीतली पोरं ओरडतात तेही “अप नेपा!” असंच. तुझ्या मुलीला अजून हे ओरडता येत नसेल तर कंपाउंडच्या गेटवरच्या मुलांकडून शिकू दे. माझा मुलगा आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सोसायटीची लाइट आली की त्याच्या तोंडून अजून तेच निघतं.

आधी पाणी बघू, कारण तुझ्या पहाऱ्यातला निम्मा वेळ त्यातच जातो. तुमच्याकडे बोअरवेल, त्यावर एक हॉर्सपॉवरचा पंप आणि गच्चीवर टाकी असणार. लाइट आली की तू धावत जाऊन पंप लावतेस, बरोबर? ते बंद कर. टाकीत फ्लोट स्विच बसवून घे. टाकी रिकामी असेल आणि लाइट आली तर पंप आपोआप सुरू, भरली की बंद. पहाटे तीनला लाइट आली तरी तू झोपेत आणि टाकी भरलेली. त्यासोबत कमी व्होल्टेजला पंप तोडणारं यंत्रही लाव, नाहीतर मोटर जळेल. हे काम कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो. नऊ वर्षांत मी घरासाठी ज्यावर पैसे घातले, त्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हेच. शिवाय न्हाणीघरात झाकणाचं एक मोठं पिंप कायम भरलेलं असू दे. त्याला हात लावायचा नाही, टाकी खडखडाट झाल्याशिवाय.

पिवळेपणा लोहाचा आहे. लागोसच्या जमिनीतल्या पाण्यात ते असतंच. खात्री करायची असेल तर पांढऱ्या बादलीत ताजं पाणी भरून रात्रभर ठेव. काढताना स्वच्छ दिसणारं पाणी हवा लागली की तांबूस होतं आणि सकाळी तळाला गंजासारखा गाळ बसतो. असं असेल तर नळाला लावायच्या छोट्या फिल्टरवर पैसे घालू नकोस, आठवड्यात चोंदतो. पाण्याला आधी हवा देऊन मग वाळूतून गाळणारी व्यवस्था टाकीपाशी लागते, आणि ती पाचही घरांनी मिळून कंपनीकडून करून घ्यायची गोष्ट आहे. प्यायला आणि स्वयंपाकाला डिस्पेन्सरच्या बाटल्याच आण. डाळ शिजवायलासुद्धा.

मग फ्रीज. इथे मला दोन गोष्टींचा धाक घालायचाय. लाइट जाण्याने फ्रीज बिघडत नाही, तो बिघडतो लाइट येताना, आणि अर्धवट आली तर हमखास. दिवे मिणमिणले, पंखा रेंगाळला की तिथले लोक “हाफ करंट” म्हणतात. त्या क्षणी फ्रीज आणि एसी बंद करायचा, बाकीचं नंतर. लाइट परत येते तेव्हा पहिली काही मिनिटं व्होल्टेज उसळलेलं असू शकतं, आणि कॉम्प्रेसरलाही पुन्हा सुरू व्हायला तीन ते पाच मिनिटं उसंत लागते. हा पहाराही यंत्राकडे दे. उशिरा सुरू होणारा, म्हणजे टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर फ्रीजला लाव. भारतातून आणलेला नको, पिनांचा घोळ होतो. तिथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे आहेत आणि ॲडॅप्टरवर फ्रीज चालवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. माझा एक ॲडॅप्टर वितळून भिंतीला चिकटला होता; त्याचा काळा डाग घर सोडेपर्यंत कॅलेंडरमागे लपवला.

फ्रीझर रिकामा ठेवू नकोस. जिथे जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या भरून गोठव. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता दोन दिवसही थंडी धरतो, खालचा फ्रीज मात्र चार तास. सुट्टीवर जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर मासे खा. तळाशी गेलं असेल तर तुझ्या माघारी सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते सरळ फेक, मोह नको.

इडलीच्या पिठाचं म्हणशील, तर पुण्याचं माप विसर. लागोसात बारा महिने तीस अंशांच्या आसपास हवा, पीठ चार-पाच तासांत फुगून वर येतं. सकाळी वाटायचं, संध्याकाळी इडल्या करायच्या, उरवायचं नाही. दोन वाट्यांचंच भिजव. आणि भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट यांना फ्रीजही लागत नाही आणि मिक्सरही. डिसेंबरात बॅगेत कपडे कमी आण. हो, तिथल्या बाजारात तपकिरी बीन्स म्हणून पोत्याने विकतात ना, ती आपली चवळीच. उसळ उत्तम होते. मी हे तीन वर्षांनी शोधलं, तोवर चवळी भारतातून वाहून नेत होते! गॅसचं साडेबारा किलोचं दुसरं सिलिंडर भरलेलं ठेव, हे सांगायला नकोच.

मीटरचं थोडक्यात. रविवारी रात्री जे झालं ते याच कारणाने, की ग्रिडची लाइट होती म्हणून जनरेटर बंद होता आणि तुझ्याच मीटरमध्ये युनिट नव्हते. महिन्यातून दोन ठरावीक तारखा धर आणि फोनवरून टोकन घेऊन वीस आकडे लगेच मीटरमध्ये भरून टाक. पावती फेकू नकोस; तुम्ही कुठल्या बँडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या तासांनुसार पाडलेल्या कुठल्या गटात आहात, ते त्यावर असतं. ए बँड म्हणजे दिवसाला किमान वीस तासांचं आश्वासन, बी सोळा, सी बारा, डी आठ आणि ई अवघे चार. एप्रिल २०२४ मध्ये ए बँडचा दर युनिटला ६८ नायरांवरून (नायरा हे तिथलं चलन) एकदम २२५ वर नेला, नंतर थोडा खाली-वर झाला. दीड हॉर्सपॉवरचा एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिट सहज जातात. तेव्हा मीटर भसाभस संपतो याला भूतबाधा कारणीभूत नाही. आणि तुम्ही ए बँडचे पैसे भरत असाल आणि दिवसाला दहा तास मिळत असतील, तर ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

लिहून ठेवण्यावरूनच पुढचं. एक शंभरपानी वही घे. दोन आठवडे फक्त वेळा टीप: कधी गेली, कधी आली, कधी मिणमिणली. मुलीला हे काम आवडेल, घड्याळ वाचायला पक्कं होईल. दोन आठवड्यांनी तुला दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे बेभरवशाच्या कारभारालाही काहीतरी चाल असते. आमच्या फीडरला, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या लाइनला, सकाळी सहा ते नऊ बहुधा लाइट असायची, हे मला वहीनेच सांगितलं आणि मी वाटण-इस्त्री तिकडे सरकवली. दुसरी गोष्ट तुझ्या नवऱ्यासाठी आहे.

त्यांचं “सगळेच राहतात की” हे वाक्य मला तुझ्या पत्रातल्या पिवळ्या पाण्यापेक्षा जास्त खटकलं. पण माणूस वाईट असेल असं नाही. हिशेब करून बघ. ते सकाळी निघतात, ऑफिसात जनरेटर दिवसभर चालू, एसी चालू. घरी येतात तेव्हा कंपाउंडचा जनरेटर सुरू झालेला असतो. म्हणजे त्यांच्या लागोसात लाइट जातच नाही! तू दुसऱ्याच लागोसात राहतेस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या. सगळेच राहतात म्हणजे कोण? कंपाउंडमधल्या बाकीच्या चार घरांतल्या बायकांना विचार. त्यांच्याही ओट्याखाली जागा असेल.

भांडू नकोस, वही दाखव. आणि एका शनिवारी सकाळी आठपासून घर त्यांच्या ताब्यात दे. पाणी, जेवण, मुलीचा अभ्यास, फ्रीज, सगळं. तू मैत्रिणीकडे जा किंवा मॉलमध्ये जाऊन बस. जाताना सूचना देऊ नकोस, हे सगळ्यांत अवघड आहे, मला माहीत आहे.

त्यानंतर दोघांनी मिळून वही घेऊन कंपनीच्या ॲडमिनकडे जायचं. “फार त्रास होतो हो” म्हटलं की ते “बघतो मॅडम” म्हणतात. “मागच्या चौदा दिवसांत सकाळी सहा ते संध्याकाळी सहा सरासरी इतके तास लाइट नव्हती” म्हटलं की कागदावर काहीतरी लिहावं लागतं. मागायचं काय? एकतर दुपारी तीन तास जनरेटर. डिझेलच्या भावाकडे बघता ते नाही म्हणतील. म्हणून दुसरी मागणी तयार ठेव, इनव्हर्टर. फ्रीज, दोन पंखे, चार एलईडी, राउटर, फोन मिळून सरासरी साडेतीनशे वॉट धर. पाच तासांचे पावणेदोन युनिट. अडीच युनिटांची एक लिथियम बॅटरी त्याला पुरते. लेड-ॲसिडच्या मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या पहिल्या खरेदीला स्वस्त पडतात, पण त्या पूर्ण भरायला आठ-दहा तास सलग लाइट हवी आणि तीच तर नाही. अर्ध्या भरून वापरल्या की वर्ष-दीड वर्षात मान टाकतात. आम्ही आधी तीच चूक केली. लिथियम लवकर भरते. मिक्सरही दोन मिनिटं चालेल, मात्र इस्त्री, किटली आणि गीझर त्या लाइनवर चुकूनही नको. कंपनीने नाहीच दिला तर स्वतः घ्या. परत येताना विकायला लागोसात इनव्हर्टरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. वैतागून घरापुरता छोटा पेट्रोल जनरेटर आणायचा आणि चोरीला जाईल म्हणून तो बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये ठेवायचा, हे नको. या पिटुकल्या जनरेटरना तिथे “आय बेटर पास माय नेबर” म्हणतात, शेजाऱ्यापेक्षा मी बरा! नाव गमतीचं आहे, धूर नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेली घरंच्या घरं त्याने गेली आहेत. उघड्यावर, खिडक्यांपासून लांब, आणि चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) घराच्या वायरिंगला जोडायचा नाही. हे जमत नसेल तर अंधार परवडला.

आईला खरं सांग. तू “छान आहे” म्हणतेस आणि ती ते ऐकून घेते, पण तुझा आवाज कसा आहे हे तिला कळत नसेल असं वाटतं का तुला? मी माझ्या आईला वर्षभराने सांगितलं, तर ती म्हणाली, “मग दळण कधी करतेस?” एवढंच. रडणं नाही, परत ये नाही. पुढचा अर्धा तास आम्ही पाटा-वरवंटा विमानातून नेता येईल का यावर बोललो.

परत जायचं की नाही, ते डिसेंबरात पुण्यात बसून ठरवू नकोस. पुण्यात तेव्हा थंडी असते, नळाला पाणी असतं, आईच्या हातचं असतं. तिथे कोणालाही लागोस नकोसंच वाटेल. फ्लोट स्विच, स्टॅबिलायझर आणि इनव्हर्टर लागल्यावर दोन महिने राहून बघ. तरी नको वाटलं तर नको, त्यात लाजायचं काही नाही. माझी एक शेजारीण दीड वर्षाने मुलांना घेऊन नाशिकला परतली आणि दोघांचा संसार नीट चालला आहे. मी राहिले, कारण पहिल्या वर्षानंतर माझे कान मोकळे झाले.

त्यासाठी अजून एक साधी गोष्ट केली होती. स्वयंपाकघराच्या दारावर एक लाल झिरोचा बल्ब, थेट ग्रिडच्या लाइनवर, इनव्हर्टर-जनरेटर कशाशीच न जोडलेला. तो लागला की नेपा, विझला की नाही. बघायला उठावं लागत नाही, मान वळवली की झालं.

आणि मुलीच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर ते तांबूस डाग पडले असतील, तर ब्लीच लावू नकोस. लोहावर ब्लीच पडलं की डाग पक्का होतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेव, मग बाटलीच्या पाण्यात एकदा खळबळून काढ. पहिला शर्ट मी घालवला होता.